पायाखालचा पास्काल

गाडीतली सगळ्यात दुर्लक्षित बाटली कुठली? बॉनेटखालची, ब्रेक ऑइलची. तिच्यामागे इतिहास मात्र बराच मोठा आहे.

बंद भांड्यातल्या द्रवावर एका जागी दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हे फ्रान्सच्या ब्लेझ पास्कालने १७ व्या शतकात सांगितलं. आपण शाळेत तो नियम पाठ केला, मार्क मिळवले आणि विसरलो. गाडीत तो यायला अडीचशे वर्षं लागली.

तोवर ब्रेक म्हणजे सळ्या, केबल आणि तरफा. एका चाकाची केबल जरा जास्त ताणलेली असली की ते चाक आधी धरायचं आणि गाडी त्या बाजूला ओढायची. विमानवाल्या लॉकहीड भावांपैकी माल्कमने यावर उपाय शोधला: केबलऐवजी नळी आणि नळीत द्रव. १९२१ ची डुझेनबर्ग मॉडेल ए चारही चाकांना असे ब्रेक घेऊन आली. १९२४ मध्ये क्रायस्लरने ते त्याहून बऱ्याच स्वस्त गाडीत दिले. हेन्री फोर्ड मात्र १९३९ च्या मॉडेलपर्यंत अडून बसले. पेडलपासून चाकापर्यंत पोलादच हवं, हा त्यांच्या जाहिरातींचा सूर!

हसू येतं, पण ती शंका अगदीच खुळी नव्हती. एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. म्हणून पुढे दोन स्वतंत्र सर्किटं आली. एक गेलं तरी दुसरं गाडी थांबवतं. अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून नव्या मोटारींना ती सक्तीची झाली.

एक गोष्ट मात्र कायद्याने सुटत नाही. आपलं नेहमीचं ब्रेक ऑइल हे खरं तर तेल नव्हेच. ते हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट ४ प्रतीचं नवं द्रव किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की ही हमी १५५ वर येते. लांबलचक घाट उतरताना ब्रेक तापले आणि द्रव उकळलं, तर नळीत वाफ होते. द्रव दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. मग पेडल नुसतं खाली जातं... पास्काल तिथेच संपतो.

म्हणून महिन्यातून एकदा बाटलीतली पातळी बघावी. पॅड झिजतात तशी ती हळूहळू उतरते. एकदम उतरली तर कुठेतरी गळती आहे. नुसतं वरून ओतून पुढे जाऊ नये, चाकांच्या आतल्या बाजूला ओल आहे का, रबरी होज तडकलेत का, ते पाहावं. पेडल स्पंजासारखं लागलं तर नळीत हवा आहे. दाबून धरलेलं पेडल हळूहळू खाली जात राहिलं तर गाडी तशीच गॅरेजला न्यावी, तीही दुसऱ्या वाहनाने ओढून. आणि साधारण दोन वर्षांनी सगळं द्रव बदलावं, सीलबंद डब्यातलं. इंजिन ऑइल तर चुकूनही नको, रबरी सील फुगून बाद होतात.

असो. फोर्डसाहेबांचा हट्ट सोडून देऊ, त्यांची शंका मात्र जवळ ठेवू.