काळा धूर: जोर की उशीर?

मंडळी, सोलापूर स्टेशनातून मालगाडी हलली आणि इंजिनानं काळा लोट सोडला की आम्ही पोरं म्हणायचो, 'आता लावला बघ जोर!' गिरण्यांचं गाव आपलं. जुनी गिरणी १८७७ची. चिमणीतून धूर निघतोय म्हणजे काम चालू, हे आपल्या डोक्यात पक्कं. डिझेल इंजिनाच्या बाबतीत मात्र हा हिशेब चुकला.

या मार्गावर तेव्हा दिसायची ती डब्ल्यूडीएम-२ इंजिनं. रचना अमेरिकेतल्या अल्को कंपनीची. १९६२ मध्ये तिकडून आली, १९६४च्या जानेवारीत वाराणसीच्या कारखान्यातून पहिलं बाहेर पडलं. सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती. एवढी ताकद काढायची तर सिलिंडरात हवा दाबून भरावी लागते. ते काम टर्बोचार्जरचं, आणि तो फिरतो इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर. गोम इथंच आहे. ड्रायव्हरनं हँडल पुढच्या नॉचवर नेलं की डिझेल लगेच वाढतं. हवा वाढायला टर्बोनं वेग घ्यायला हवा, त्यासाठी जास्त गरम वायू हवा, आणि तो मिळायला आधी जास्त डिझेल जळायला हवं! पंगतीत भात वाढून झालाय आणि आमटी अजून स्वयंपाकघरातच, अशी गत. तेवढ्या वेळात न जळालेला कार्बन काजळी होऊन बाहेर पडायचा. टर्बोनं वेग पकडला की धूर विरळ होई. म्हणजे पूर्ण जोर लागायचा तो धूर ओसरल्यावर.

इंजेक्टर झिजलेले, हवेचे फिल्टर तुंबलेले असले तर धूर ओसरतच नसे. निळसर दिसला तर समजावं, वंगणतेल जळतंय.

गंमत बघा, १९६२ मध्येच जनरल मोटर्सची डब्ल्यूडीएम-४ इंजिनंही देशात आली होती. त्यांचा टर्बो कमी वेगात गिअरच्या जोरावर फिरायचा, वायूची वाट बघत बसायचा नाही. तरी इथं बांधण्यासाठी ठरलं अल्कोचं इंजिन, कारण तंत्रज्ञान देण्याचा करार त्यांच्याशी झाला. इंजिन देशातच बनणं तेव्हा फार मोलाचं होतं. त्या निर्णयाला आम्ही नावं ठेवणार नाही. पण त्याची काजळी हमालांनी, चहावाल्यांनी आणि रुळांवर काम करणाऱ्या गँगमननी रोज छातीत घेतली, हेही त्याच हिशेबात मांडायला हवं. आम्ही पोरं तर लोट मोठा निघाला की टाळ्या वाजवायचो.