‘स्पेस : १९९९’ आणि प्रेक्षकमताचा इतिहास : संथ गतीच्या तक्रारीची चिकित्सा

प्रस्तावना

दूरचित्रवाणीचा इतिहास बहुतांशी निर्मात्यांच्या आणि प्रसारण संस्थांच्या बाजूने लिहिला गेला आहे. कार्यक्रम कोणी तयार केला, त्यावर किती खर्च झाला, तो कोणत्या वर्षी प्रसारित झाला, यांच्या नोंदी उपलब्ध असतात. ज्यांच्यासाठी तो तयार झाला त्या प्रेक्षकांना काय वाटले, हे शोधणे मात्र अवघड असते. प्रेक्षकांचे मत बहुधा कोणाच्या तरी मध्यस्थीने इतिहासापर्यंत पोहोचते. कधी ते प्रेक्षकसंख्येच्या आकड्यांतून येते, कधी समीक्षकाच्या लेखातून, तर कधी मोजक्या चाहत्यांच्या आठवणींतून. या साधनांपैकी कोणते प्रमाण मानावे, हा केवळ अभ्यासपद्धतीचा प्रश्न नाही. त्याच्या उत्तरावर एखाद्या कलाकृतीचे भवितव्यही ठरू शकते.

‘स्पेस : १९९९’ ही ब्रिटिश विज्ञानमालिका या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. १९७५ ते १९७७ या काळात तिची दोन पर्वे प्रसारित झाली. प्रत्येक पर्वात २४ याप्रमाणे तिचे एकूण ४८ भाग झाले. तिच्या दृश्यसौंदर्याचे कौतुक झाले, तशीच ती संथ आणि थंड असल्याची तक्रारही झाली. या तक्रारीचा आधार घेऊन दुसऱ्या पर्वात मालिकेचे स्वरूप बदलण्यात आले. तो आधार कितपत भक्कम होता, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

निर्मितीची पार्श्वभूमी

जेरी अँडरसन आणि सिल्व्हिया अँडरसन हे दांपत्य ‘थंडरबर्ड्स’ (१९६५-६६) या बाहुल्यांच्या मालिकेमुळे प्रसिद्धीस आले. पुढे त्यांनी प्रत्यक्ष नटांना घेऊन ‘यूएफओ’ (१९७०-७१) ही मालिका केली. तिचे दुसरे पर्व काढण्याचा विचार झाला, तेव्हा आयटीसी या संस्थेचे प्रमुख ल्यू ग्रेड यांनी एक अट घातली. चंद्रावर घडणारे भाग प्रेक्षकांना अधिक आवडले असल्याने नव्या पर्वाचे कथानक मुख्यतः चंद्रावर घडावे, अशी ती अट होती. पुढे अमेरिकेत ‘यूएफओ’ची प्रेक्षकसंख्या घसरली आणि ते पर्व रद्द झाले. त्यासाठी केलेल्या पूर्वतयारीतूनच ‘स्पेस : १९९९’ची कल्पना साकार झाली. म्हणजे आकड्यांतून वाचलेले प्रेक्षकमत या मालिकेच्या जन्मापासूनच तिच्याशी जोडलेले होते.

मालिकेचे कथासूत्र थोडक्यात असे आहे. चंद्रावर साठवलेल्या आण्विक कचऱ्याचा १३ सप्टेंबर १९९९ रोजी स्फोट होतो आणि चंद्र पृथ्वीच्या कक्षेतून बाहेर फेकला जातो. ‘मूनबेस अल्फा’ या तळावरील ३११ माणसे त्याच्यासह अज्ञात अवकाशात ओढली जातात. कमांडर जॉन कोएनिग, डॉ. हेलेना रसेल आणि प्रा. व्हिक्टर बर्गमन या प्रमुख भूमिका अनुक्रमे मार्टिन लँडाऊ, बार्बरा बेन आणि बॅरी मोर्स यांनी केल्या. इटलीच्या ‘राय’ या प्रसारण संस्थेने निर्मितीत आर्थिक सहभाग घेतला. ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील तोवरची ही सर्वांत खर्चिक मालिका ठरली.

दृश्यात्मकता आणि संथपणा यांचे नाते

पहिल्या पर्वाचे चित्रीकरण १९७३ च्या अखेरीस पाइनवुड स्टुडिओत सुरू झाले आणि १९७५ च्या आरंभी संपले. विशेष दृश्यपरिणामांची जबाबदारी ब्रायन जॉन्सन यांच्याकडे होती. स्टॅन्ली क्युब्रिक यांच्या ‘२००१ : ए स्पेस ओडिसी’ (१९६८) या चित्रपटासाठी त्यांनी काम केले होते. पुढे ‘एलियन’ आणि ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ या चित्रपटांच्या दृश्यपरिणामांसाठी त्यांचा ऑस्करने गौरव झाला. मालिकेतील ‘ईगल’ या अवकाशयानाची सर्वांत मोठी प्रतिकृती सुमारे ११२ सेंटिमीटर लांबीची होती. अनेक दृश्यांत फिल्म मागे गुंडाळून त्याच निगेटिव्हवर पुन्हा पुन्हा चित्रण केले जाई. त्यामुळे प्रतिमा एका फिल्मवरून दुसऱ्या फिल्मवर उतरवताना येणारा धूसरपणा टळत असे.

नेपथ्यकार कीथ विल्सन यांनी उभारलेले ‘मेन मिशन’ हे नियंत्रण केंद्र भव्य, पांढरेशुभ्र आणि उंच खिडक्यांचे होते. त्यात माणसे लहान दिसत. यान तळावरून उठताना किंवा उतरताना कॅमेरा घाई करीत नसे. पात्रे कमी बोलत, आणि पुष्कळ भागांच्या शेवटी घडलेल्या गोष्टीचा उलगडा न होता केवळ एक प्रश्न उरत असे. ‘ब्लॅक सन’ या भागात चंद्र कृष्णविवरात ओढला जातो. तेथे साहसापेक्षा मृत्यूची वाट पाहणाऱ्या माणसांचे संभाषण अधिक महत्त्वाचे ठरते.

येथे एक गोष्ट लक्षात घेणे आवश्यक आहे. दृश्यांची भव्यता आणि कथनाची संथ गती या मालिकेचे दोन वेगळे गुणधर्म नव्हेत. विस्तीर्ण अवकाश पाहण्यास वेळ लागतो आणि एकाकीपण जाणवण्यास शांतता लागते. दृश्ये उत्तम आहेत, परंतु गती संथ आहे, असे जेव्हा म्हटले गेले तेव्हा एकाच गोष्टीची एक बाजू स्वीकारून दुसरी नाकारली जात होती.

प्रेक्षक एक नव्हता

‘प्रेक्षकांचे मत’ असा एकवचनी शब्दप्रयोग रूढ आहे. तथापि या मालिकेचा प्रेक्षक सर्वत्र एकसारखा नव्हता. ब्रिटनमध्ये ४ सप्टेंबर १९७५ रोजी प्रसारणास आरंभ झाला, परंतु आयटीव्हीच्या प्रादेशिक कंपन्या आपापल्या सोयीने दिवस आणि वेळ ठरवीत. त्यामुळे सर्व देशाने एका वेळी पाहिलेली मालिका असे तिचे स्वरूप राहिले नाही.

इटलीतील परिस्थिती आणखी वेगळी होती. तेथे १९७५ मध्ये काही भाग जोडून तयार केलेला चित्रपट आधी चित्रपटगृहांत दाखवण्यात आला. त्यासाठी एन्निओ मॉरिकोने यांचे संगीत वापरले होते. दूरचित्रवाणीवर मालिका १९७६ मध्ये आली. तेथील नियमित रंगीत प्रसारण १९७७ मध्ये सुरू झाले असल्याने घरी पाहणाऱ्यांनी ती प्रथम कृष्णधवल रूपात पाहिली. जिच्या रंगसंगतीची आणि प्रकाशयोजनेची स्तुती होते, ती मालिका असंख्य प्रेक्षकांनी रंगांशिवाय अनुभवली, हे तिच्या दृश्यात्मकतेविषयीच्या मतांचा विचार करताना विसरता येणार नाही.

अमेरिकेत एनबीसी, सीबीएस आणि एबीसी या तिन्ही प्रमुख नेटवर्कांनी मालिका नाकारली. तेव्हा आयटीसीच्या न्यूयॉर्क कार्यालयाचे प्रमुख एब मँडेल यांनी ती स्वतंत्र केंद्रांना थेट विकली. अशा केंद्रांची संख्या दीडशेच्या आसपास होती. याच केंद्रांवर त्या काळात ‘स्टार ट्रेक’चे पुनःप्रसारण लोकप्रिय झाले होते. १९६९ मध्ये बंद पडलेल्या त्या मालिकेचे ७९ भाग नव्या पिढीला पाठ झाले होते. तिच्यातील विनोद, मैत्री आणि ठाम निर्णय घेणारा नायक यांची सवय झालेल्या प्रेक्षकाला भयभीत, गोंधळलेली आणि परिस्थितीपुढे हतबल माणसे दाखवणारी ही मालिका थंड वाटली असल्यास ते स्वाभाविक होते. थंडपणाचा हा आक्षेप तुलनेतून जन्मला होता, हे त्याचे मूल्यमापन करताना ध्यानात घ्यावे लागते.

विज्ञानाच्या बाजूने आलेला आक्षेप

दुसऱ्या प्रकारची टीका जाणकारांकडून आली. विख्यात विज्ञानकथाकार आयझॅक ॲसिमॉव्ह यांनी सप्टेंबर १९७५ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लेख लिहून मालिकेच्या मूळ कल्पनेवर आक्षेप घेतला. चंद्राला कक्षेबाहेर ढकलण्याइतका प्रचंड स्फोट झाला तर चंद्राचेच तुकडे होतील, हा त्यांचा मुद्दा भौतिकशास्त्राच्या दृष्टीने बिनतोड होता. सूर्याला सर्वांत जवळचा तारा चार प्रकाशवर्षांहून अधिक अंतरावर आहे. दर आठवड्याला नव्या ग्रहाजवळून जाणारा चंद्र या हिशेबात बसत नाही. मात्र चंद्रावरील कमी गुरुत्वाकर्षणातील हालचालींचे चित्रण त्यांनी वाखाणले होते.

ॲसिमॉव्ह यांचा आक्षेप विज्ञानाच्या अचूकतेविषयी होता, गतीविषयी नव्हे. मालिकेचे समर्थक तिच्याकडे वैज्ञानिक भाकीत म्हणून न पाहता एक आधुनिक पुराणकथा म्हणून पाहत. घरापासून तुटलेल्या समूहाची भटकंती हे प्राचीन कथासूत्र त्यांना तिच्यात दिसत होते. समर्थक आणि टीकाकार एकाच कृतीकडून वेगवेगळ्या वाङ्मयप्रकारांची अपेक्षा करीत होते. त्यांच्यातील वाद मिटला नाही, याचे कारण हेच असावे.

आकड्यांचा अर्थ आणि दुसरे पर्व

अमेरिकेत आरंभी मालिकेला चांगला प्रतिसाद मिळाला, परंतु पुढील महिन्यांत प्रेक्षकसंख्या घसरू लागली. पुढचे पर्व होणार की नाही, याविषयी अनिश्चितता निर्माण झाली. ‘स्टार ट्रेक’च्या तिसऱ्या पर्वाचे निर्माते फ्रेड फ्रायबर्गर यांना या टप्प्यावर पाचारण करण्यात आले. विनोद, मानवी जिव्हाळा आणि वेगवान घटना यांचा अभाव हे त्यांचे निदान होते. रूप पालटू शकणारी माया ही परग्रहवासी स्त्री कथेत आणण्याच्या प्रस्तावामुळे दुसऱ्या पर्वाला मान्यता मिळाली. ही भूमिका कॅथरिन शेल यांनी केली.

बदल मात्र एका पात्रापुरते राहिले नाहीत. प्रा. बर्गमन हे पात्र कोणतेही स्पष्टीकरण न देता वगळण्यात आले. भव्य ‘मेन मिशन’च्या जागी लहान, बंदिस्त नियंत्रण कक्ष आला. बॅरी ग्रे यांच्या संगीताऐवजी डेरेक वॉड्सवर्थ यांचे अधिक ठेकेदार संगीत आले. सिल्व्हिया अँडरसनही निर्मितीतून बाहेर पडल्या होत्या. संथपणा काढून टाकताना दृश्यांची भव्यताही कमी झाली. दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या होत्या, याचा हा प्रत्यक्ष पुरावा म्हणता येईल. पटकथांच्या दर्जाविषयी खुद्द मार्टिन लँडाऊ यांनीही नाराजी व्यक्त केली होती.

दुसऱ्या पर्वाची दुसरी बाजूही नोंदवणे न्याय्य ठरेल. माया हे पात्र अनेकांना, विशेषतः बालप्रेक्षकांना, मनापासून आवडले. पहिल्या पर्वातील अबोल माणसांपेक्षा दुसऱ्या पर्वातील माणसे जवळची वाटली, असे मानणारा वर्गही आहे. परंतु ज्या उद्देशाने बदल करण्यात आले तो उद्देश साध्य झाला नाही. तिसरे पर्व निघाले नाही आणि १९७७ मध्ये मालिकेची अखेर झाली.

येथे मूळ प्रश्न उभा राहतो. प्रेक्षकसंख्येचा आकडा किती घरांत संच सुरू होता हे सांगतो. संच का बंद झाला हे तो सांगत नाही. प्रसारणाची गैरसोयीची वेळ, अन्य वाहिन्यांवरील स्पर्धा, ‘स्टार ट्रेक’शी होणारी तुलना, कथेतील वैज्ञानिक विसंगती किंवा संथ गती यांपैकी कोणतेही कारण त्या घसरणीमागे असू शकत होते. त्यांतून गती आणि जिव्हाळा ही कारणे निवडली गेली, ती निर्मात्यांकडून. प्रेक्षकांचे मत म्हणून जे अमलात आले, ते प्रत्यक्षात आकड्यांवर केलेले निर्मात्यांचे भाष्य होते.

उरलेल्या प्रेक्षकांची साक्ष

मालिका बंद झाल्यावरही तिचा चाहतावर्ग टिकून राहिला. ब्रिटन, अमेरिका आणि इटली येथील चाहत्यांनी मंडळे स्थापन केली, संमेलने भरवली आणि दोन्ही पर्वांच्या गुणदोषांवर दीर्घकाळ वाद घातला. कथेत चंद्र निखळतो त्याच दिवशी, म्हणजे १३ सप्टेंबर १९९९ रोजी, लॉस एंजेलिस येथे भरलेल्या संमेलनात ‘मेसेज फ्रॉम मूनबेस अल्फा’ हा लघुपट दाखवण्यात आला. त्याचे लेखन मालिकेचे मूळ पटकथाकार जॉनी बर्न यांनी केले होते आणि मूळ मालिकेतील झिनिया मर्टन यांनी त्यात भूमिका केली होती. अल्फावासी तळ सोडून नव्या ग्रहाकडे निघाल्याचे त्यात दाखवले आहे. निर्मिती संस्थेने अपूर्ण सोडलेल्या कथेला २२ वर्षांनंतर चाहत्यांच्या पुढाकाराने शेवट मिळाला.

तथापि, या साक्षीलाही मर्यादा आहेत. ज्यांना मालिका आवडली ते बोलत राहिले. ज्यांनी तिसऱ्या किंवा चौथ्या भागानंतर संच बंद केला त्यांनी मागे काही लिहून ठेवले नाही. चाहत्यांच्या आठवणींवरून पहिले पर्व सर्वांना प्रिय होते असा निष्कर्ष काढणे हे आकड्यांवरून संथपणा सर्वांना अप्रिय होता असे मानण्याइतकेच सदोष ठरेल.

समारोप

‘स्पेस : १९९९’च्या इतिहासावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, दृश्यभव्यता आणि संथ गती ही एकाच रचनेची अंगे होती, त्यामुळे एकीला धक्का लागताच दुसरी डळमळली. दुसरी, प्रेक्षकमत देश, प्रसारणाची वेळ, पूर्वीच्या मालिकांची सवय आणि घरातील संचाचा प्रकार यांनुसार घडत होते, त्यामुळे त्याचा एकवचनी उल्लेख दिशाभूल करणारा ठरतो. तिसरी, आकडे, समीक्षा आणि आठवणी यांपैकी प्रत्येक साधनात काही प्रेक्षक बोलतात आणि बाकीचे गप्प असतात.

१९७६ मध्ये मालिकेत बदल करणाऱ्यांनी गप्प प्रेक्षकांच्या वतीने उत्तर दिले. ते उत्तर चूक होते असे आज सिद्ध करता येत नाही, पण बरोबर होते असेही घसरलेल्या आकड्यांनी कधी म्हटले नव्हते. लोकप्रिय माध्यमांचा इतिहास लिहिणाऱ्याने म्हणूनच प्रेक्षकांना काय आवडले हे विचारण्याआधी, त्यांच्या वतीने कोण बोलत आहे, हे विचारले पाहिजे.