शेवाळात गुंडाळून आलेला मासा

रोहूचे अंडे चौदा ते वीस तासांत फुटते. माझी सगळी नोकरी या घाईत गेली. पावसाळा लागला की मत्स्यबीज केंद्रावर रात्र जागायची, आणि पहाटे हौदात मत्स्यजिरे वळवळताना दिसले की मगच चहा. त्यामुळे ट्राउटच्या अंड्याला दहा अंशांच्या पाण्यात चाळीसहून जास्त दिवस लागतात, पाणी गोठणबिंदूच्या जवळ गेले तर चार-पाच महिनेही लागतात, हे वाचले तेव्हा मला त्या हॅचरीवाल्यांचा हेवा वाटला होता. साहेबाचा हा आवडता मासा अर्ध्या जगात पसरला तो याच सुस्तपणामुळे.

जेम्स यूल नावाच्या गृहस्थाने इंग्लंडातून टास्मानियात सामन मासा न्यायचे मनावर घेतले होते. आधीच्या खेपा वाया गेल्या. उष्ण कटिबंध ओलांडेपर्यंत अंडी टिकत नसत. शेवटी त्याने वाहत्या पाण्याचा नाद सोडला. लाकडी खोकी, खोक्यात कोळसा आणि ओले शेवाळ, शेवाळाच्या थरात अंडी, आणि खोकी थेट जहाजाच्या बर्फकोठीत. ‘नॉरफोक’ जहाज जानेवारी 1864 मध्ये लंडनहून निघाले आणि एप्रिलमध्ये मेलबर्नला लागले. लाखभर अंडी सामनची होती. सोबत कुणीकुणी हौसेने दिलेली तीनेक हजार अंडी ब्राउन ट्राउटची. सामनची पिल्ले वाढली, समुद्रात गेली आणि परतली नाहीत. ट्राउट मात्र तिथल्या ओढ्यांत कायमचा राहिला. ज्याच्यासाठी जहाज भरले तो पाहुणा गेला आणि सोबत आलेल्याने घर केले.

आपल्याकडेही याच काळात धडपड चालू होती. फ्रान्सिस डे हा मद्रास फौजेतला डॉक्टर. भारतातल्या माशांवरचा त्याचा थोरला ग्रंथ आमच्या पिढीने पालथा घातला, पण 1863 मध्ये निलगिरीत ट्राउट आणण्याचा त्याचा प्रयत्न फसला. निलगिरीत हा मासा रुजला तो विसाव्या शतकात, एच. सी. विल्सनच्या हातून. अव्हलांच इथली हॅचरी 1907 ची. तिथला मासा रेनबो जातीचा.

काश्मीरची हकिकत जास्त रंगतदार आहे, कारण तिचा कर्ता ना मत्स्यशास्त्रज्ञ ना अधिकारी. फ्रँक मिचेल हा श्रीनगरात गालिच्यांचा कारखाना चालवणारा स्कॉटिश माणूस. बेडफर्डच्या ड्यूकने दिलेली दहा हजार अंडी 1899 मध्ये निघाली, ती वाटेतच मेली. दुसरी खेप डिसेंबर 1900 मध्ये जिवंत पोचली. त्या काळी रेल्वेने रावळपिंडीपर्यंत यायचे. पुढे श्रीनगर गाठायचे तर झेलमच्या काठाने टांग्याचा रस्ता. प्लास्टिकच्या पिशवीत प्राणवायू भरून चार जिल्ह्यांपलीकडे बोटुकली पाठवतानाही आमचा जीव टांगणीला लागायचा. म्हणून या माणसाबद्दल मला आदर वाटतो. निघालेली काही पिल्ले दाचीगामच्या ओढ्यात गेली, बाकीची खुद्द मिचेलच्या कारखान्यात वाढली. हरवान, लारीबल, अच्छाबल ही केंद्रे त्यानंतरची.

काश्मिरातून 1909 मध्ये ही अंडी कुलूला आली. आणणारा कुलूचा असिस्टंट कमिशनर जी. सी. एल. हॉवेल. कटराईनजवळ माहिली इथे त्याने हॅचरी उभारली आणि बियासच्या खोऱ्यात ट्राउट सोडला. गोऱ्या अंमलदाराला सुट्टीत मायदेशी जाणे परवडत नसे. मग मायदेशाचा मासाच इथे आणला, एवढे साधे कारण. प्रजेच्या आहारासाठी वगैरे कारणे कागदावर चढली असतील, मला ती पटत नाहीत. माणसे पोसायची तर रोहू-कटला पुरेसे होते.

माझा भाचा चंडीगडला असतो, त्याच्यामुळे निवृत्तीनंतर कुलूतल्याच बंजारपलीकडच्या तीर्थन खोऱ्यात माझे जाणे-येणे सुरू झाले. गुशैणीला तीर्थनमध्ये पलाचन नदी मिळते, तिथे मी फ्लाय फिशिंग शिकलो. लहानपणी गांडूळ लावून गरी टाकलेल्या माणसाला फ्लाय फिशिंग म्हणजे आधी थट्टाच वाटते. फ्लायला वजनच नसते. गळावर पिसे, दोरा, केस बांधून केलेला तो खोटा किडा. त्याला पाण्यावर नेते ती दोरी, म्हणून वजन दोरीत ठेवलेले. त्यातही एक गंमत अशी की विलायतेत ज्या फ्लाय बांधत, त्यांतल्या काहींना लागणारी चकचकीत ठिपक्यांची पिसे आपल्या राखी रानकोंबड्याच्या मानेची. सह्याद्रीतल्या कोंबड्याचे पीस स्कॉटलंडला जायचे आणि तिथले अंडे हिमालयात यायचे. रानपक्ष्यांची पिसे परदेशी पाठवायला सरकारने 1902 मध्ये बंदी घातली, तरी त्या पिसाची मागणी काही संपली नाही.

“अंकल, छाया पानी पे मत डालो,” हे तिथल्या मुलाने मला शिकवलेले पहिले सूत्र. माझ्यासारख्या हौदवाल्याला त्यातच सगळे कळले. केंद्रात वाढलेला मासा सावली पडली की वर येतो, कारण सावली म्हणजे खाद्य टाकणारा हात. ओढ्यात जन्मलेला त्याच सावलीला दगडाखाली पळतो, कारण सावली म्हणजे खंड्या. सिमेंटच्या हौदात घासून कडा झिजलेले, बोथट पर हीसुद्धा सोडलेल्या माशाची खूण. रानातल्याचे पर अखंड असतात आणि लाल ठिपक्यांभोवती फिकट कडे उमटलेले असते. पण दोघांचेही खापरपणजोबा शेवाळातूनच आलेले. तीर्थनमधला ट्राउट आज स्वतः खडीत घर करून अंडी घालतो, म्हणूनच 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर तिथे गळ बंद. पिढ्यान्‌पिढ्या असे झाल्यावर त्याला परका म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

हे मी गुगलीला मात्र सांगू शकणार नाही. गुगली म्हणजे तिथला मूळचा मासा, तोंड खाली असलेला, दगडावरचे शेवाळ खरवडून खाणारा. इंग्रजांनी त्याला हिमट्राउट म्हटले, पण तो आपल्या रोहूच्या कुळातला. ब्राउन ट्राउट किडे खातो तसा लहान मासेही खातो. गुगली आज संकटग्रस्तांच्या यादीत आहे, आणि धरणे, वाळूउपसा, बेसुमार मासेमारी यांच्या जोडीला सोडलेल्या ट्राउटचे नावही कारणांत येते. दुसरी बाजूही आहे. तीर्थनवर जलविद्युत प्रकल्प होऊ नयेत म्हणून खोऱ्यातले दिलाराम शबाब आणि इतर माणसे न्यायालयापर्यंत लढली आणि नदी मोकळी राहिली. ट्राउटची नदी ही तिची ओळख त्या लढ्यात कामी आली. त्या मोकळ्या पाण्याचा फायदा गुगलीलाही झालाच असणार.

हा सगळा साहेबाचा उद्योग म्हणून आपण हात झटकले असते, पण आमच्या धंद्यातलेच एक प्रकरण आडवे येते. लोणावळ्याला टाटांच्या तलावाकाठी डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी सत्तरच्या दशकात महसीरचे कृत्रिम प्रजनन यशस्वी केले. काम अव्वल होते, आजही मी त्याला सलाम करतो. महसीरचे अंडे फुटायला तीनेक दिवस लागतात. ते त्यांनी ओल्या कापसात ठेवून विमानाने पाठवून दाखवले. यूलचे शेवाळ, यांचा कापूस. धरणांनी महसीर आटत चालला होता आणि तो वाचवायचा होता, यात खोट नव्हती. पिल्ले परराज्यांत गेली, कावेरीतही गेली.

कावेरीत महसीर आधीच होता, आणि साधासुधा नव्हता. पाठीला कुबड असलेला, नारिंगी परांचा. कावेरीच्या काबिनी या उपनदीत 1946 मध्ये व्हॅन इन्गेन नावाच्या गळवाल्याने पकडलेला 120 पौंडांचा होता. आमचा निळ्या परांचा महसीर तिथे फोफावला आणि गळाला तोच जास्त लागू लागला. कुबडवाला दिसेनासा होत गेला. तो नेमका कोणत्या जातीचा, हे शास्त्रज्ञांनी नक्की केले 2018 मध्ये, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला. आमच्या केंद्रावरच्या नोंदवहीत तारीख, जात, संख्या, सोडल्याचे ठिकाण आणि शेरा असे रकाने होते. त्या पाण्यात आधी काय होते, याला रकाना नव्हता, आणि तो आखावा असे कुणी सुचवलेले मी कधी ऐकले नाही.