वयात येताना उघड होणारे जन्मजात दोष

प्रतिनिधी

मुलगी पंधरा वर्षांची झाली, शरीराची वाढ नीट झाली, तरी पाळी आली नाही, की 'आमच्याकडे उशिराच येते' असे म्हणून वाट पाहिली जाते. पुष्कळदा ते खरेही असते. काही मुलींत मात्र या विलंबामागे प्रजनन अवयवांच्या घडणीतील जन्मजात दोष असतो. तो जन्मापासून असला, तरी त्याची चाहूल वयात येतानाच लागते. म्हणूनच कुठवर थांबावे आणि कोणत्या लक्षणाकडे दुर्लक्ष करू नये, हे पालकांना ठाऊक असणे आवश्यक आहे.

दोष कसा उद्भवतो?

गर्भावस्थेत म्युलेरियन नावाच्या दोन नलिका असतात. त्यांच्यापासून गर्भनलिका, गर्भाशय आणि योनिमार्गाचा वरचा भाग तयार होतो. या नलिका नीट जोडल्या गेल्या नाहीत, मधला पडदा विरला नाही किंवा त्यांची वाढच खुंटली, तर दोष राहतो. अंडाशयांची घडण स्वतंत्रपणे होते. त्यामुळे गर्भाशय नसलेल्या मुलीचीही शारीरिक वाढ व्यवस्थित होते आणि बाहेरून काहीच जाणवत नाही. मूत्रपिंडे मात्र याच सुमारास आकार घेत असल्याने त्यांच्यातही दोष आढळू शकतो.

दर महिन्याला दुखते, पण स्राव नाही

हे लक्षण सर्वांत तातडीचे. योनिपटलाला छिद्र नसेल किंवा योनिमार्गात आडवा पडदा असेल, तर पाळीचे रक्त आतच साठते. ओटीपोट ठराविक दिवसांनी दुखते, कधी लघवी तुंबते. पाळी सुरूच झालेली नसल्याने मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा अपेंडिक्स असा समज होऊन मूळ कारण बाजूला राहू शकते. योनिपटलाचा दोष लहानशा शस्त्रक्रियेने दूर होतो. आडवा पडदा मात्र जाड व वरच्या बाजूस असू शकतो. त्याची जागा व जाडी एमआरआय चाचणीने निश्चित न करता छेद घेतल्यास मार्ग पुन्हा आकसण्याचा धोका असतो. साठलेले रक्त सुईने काढण्याचा प्रयत्नही टाळावा. त्यातून जंतुसंसर्ग होऊ शकतो.

पाळी येते, तरीही दोष

काही मुलींत गर्भाशये दोन असतात आणि त्यांपैकी एकाचीच वाट बंद असते. दुसऱ्या बाजूने पाळी नियमित येत असल्याने कोणाला शंका येत नाही. पोटदुखी मात्र महिन्यागणिक वाढते आणि वेदनाशामक गोळ्यांवर दिवस काढले जातात. अशा मुलींत बंद बाजूचे मूत्रपिंड बहुधा नसते. म्हणून मुलीला एकच मूत्रपिंड असल्याचे लहानपणीच कळले असेल, तर पाळी सुरू होताना ही माहिती डॉक्टरांना आवर्जून द्यावी.

गर्भाशयच नसेल तर

सुमारे साडेचार ते पाच हजार मुलींमागे एकीत गर्भाशय व योनिमार्गाचा वरचा भाग विकसितच झालेला नसतो. अशा मुलीला पाळी आणण्यासाठी गोळ्या देत राहण्याने केवळ वेळ जातो. गर्भाशय नसण्याचे आणखी एक कारण म्हणजे गुणसूत्रे एक्स-वाय असूनही शरीर पुरुषी संप्रेरकांना प्रतिसाद न देणे. दोन्हींतला फरक गुणसूत्रांची चाचणी व रक्तातील टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण यांवरून कळतो.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

तेराव्या वर्षापर्यंत स्तनांची वाढ सुरू झाली नसेल, पंधराव्या वर्षापर्यंत किंवा स्तनांची वाढ सुरू झाल्यावर तीन वर्षांत पाळी आली नसेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे. दर महिन्याला दुखत असेल, तर वयाची वाट पाहू नये. अंतर्गत तपासणीच्या धास्तीने अनेक आया मुलीला नेण्याचे टाळतात. प्रत्यक्षात बाहेरून निरीक्षण आणि पोटावरून केलेली सोनोग्राफी यांवरून सुरुवातीचे निदान बहुधा होते. मुलीची संमती घेऊन, तिला समजावूनच तपासणी व्हावी.

निदानानंतर

योनिमार्ग अपुरा असल्यास डायलेटर या साधनाने तो हळूहळू वाढवणे हा पहिला उपाय मानला जातो. बहुतेकींना शस्त्रक्रिया लागत नाही. तो केव्हा सुरू करायचा, हे मुलीने स्वतः ठरवावे. मातृत्वाचा मार्गही पूर्णपणे बंद नाही. स्वीडनमध्ये २०१४ साली प्रत्यारोपित गर्भाशयातून जगातील पहिले मूल जन्मले. त्याच्या आईला जन्मतः गर्भाशय नव्हते. भारतातील पहिले गर्भाशय प्रत्यारोपण मे २०१७ मध्ये पुण्यात झाले. तरीही ही शस्त्रक्रिया अद्याप मोजक्याच ठिकाणी होते.

'लग्नानंतर बघू' म्हणून निदान दडवणे, हा सर्वांत घातक मार्ग. बंद वाटेमागे साठणारे रक्त एंडोमेट्रिऑसिसला निमंत्रण देते आणि पुढे गर्भधारणेलाही बाधा आणू शकते. गर्भाशय नसल्याचे सत्य सासरी कळण्याऐवजी आई-वडिलांच्या आधाराने, समुपदेशकाच्या साह्याने कळणे मुलीसाठी अधिक सुसह्य असते. शरीर तिचे आहे. त्याची माहिती सर्वांत आधी तिलाच मिळायला हवी.