तारेचें मौन

अगदीं तुटून पडलेली तार दुरुस्त करणें तसें सोपें. कठीण असते ती घटकेंत बोलणारी आणि घटकेंत मुकी होणारी तार. दुरुस्तीचा माणूस जागेवर पोहोंचतो तों ती पूर्ववत् बोलूं लागते, आणि दोष दाखवावा तरी कोठें, अशा विवंचनेंत तो परत फिरतो.

उघड्यावरच्या तारांना हा रोग जन्माचाच जडलेला. चिनीमातीच्या वाटीवरून पावसाचें पाणी ओघळलें, कीं विजेचा प्रवाह खांबावाटे जमिनींत झिरपे. ओली फांदी वाऱ्यानें टेकली तरी तोच प्रकार, आणि वारा पडला कीं तार निर्दोष! तारखात्याचा त्यावरील उपाय साधा, पण चतुर होता. सबंध मार्ग एकदम न तपासतां मधल्या कचेरीपर्यंतचा भाग वेगळा काढून त्याची परीक्षा घ्यावयाची. तो ठीक निघाला, तर दोष पलीकडे. असें करीत करीत त्याला कोपऱ्यांत गांठावयाचें.

१९४२ सालीं सातारा जिल्ह्यांत ह्या कोड्याला निराळीच धार आली. (तासगांव, इस्लामपूर हे आजच्या सांगली जिल्ह्यांतले भाग तेव्हां साताऱ्यांतच मोडत; १९४९ सालीं ‘दक्षिण सातारा’ वेगळा झाला आणि १९६० मध्यें त्यास सांगली हें नांव मिळालें.) ३ सप्टेंबरला तासगांव, ९ ला वडूज, १० ला इस्लामपूर असे कचेऱ्यांवर मोर्चे गेले, शेवटच्या दोन्ही ठिकाणीं गोळ्या चालल्या. मग चळवळ भूमिगत झाली, आणि तारा तोडणें हा तिच्या कार्यक्रमाचाच भाग ठरला. आतां कचेरींतलें तारायंत्र मुकें झालें, तर तें वाऱ्यानें कीं क्रांतिकारकांनीं? यंत्राला दोन्ही मौनें सारखींच. तारवाला धाडावा कीं पोलिसांची तुकडी, हें त्यावरून ठरविणें अशक्य. माझ्या मतें, तार तोडण्याचें सामर्थ्य अडलेल्या निरोपांत जितकें, तितकेंच ह्या संशयांत होतें.

क्रांतिसिंह नाना पाटलांचें प्रतिसरकार मात्र माणसांच्या पायांवर चाले. तेथेंही उत्तर आलें नाहीं, तर निरोपच पोहोंचला नाहीं, कीं उत्तर वाटेंत अडलें? दुसरा माणूस पाठवावा, तर तो पकडला जाण्याचें भय. ७ जून १९४३ रोजीं तुफान सेनेनें शेणोलीजवळ रेल्वेची पगाराची गाडी अडविली; असल्या कामांत निरोपाचा घोटाळा जिवावरच बेतावयाचा.

२०१३ सालीं तारसेवा बंद झाली, कोडें मात्र राहिलें. संगणकांतले दोन प्रोग्राम बोलतां बोलतां मधूनच तुटतात. १९७४ सालीं व्हिंटन सर्फ आणि रॉबर्ट कान ह्यांनीं मांडलेल्या पद्धतींत तुकड्यांना क्रम, पोंच, आणि पोंच न आल्यास पुनश्च पाठवणी, अशी तजवीज आहे. तरीही एका बाजूनें बराच वेळ शांत असलेली जोडणी मिटवून टाकावी, आणि दुसरीनें ती चालूच आहे असें समजावें, हें वरचेवर घडतें. एकाच टोकाची नोंदवही चाळून तें उमगत नाहीं. दोन्ही टोकांच्या नोंदी, घड्याळें जुळवून, शेजारीं शेजारीं ठेवाव्या लागतात. आणि केवळ पोंच हरवली म्हणून पैशाची तीच आज्ञा पुन्हां धाडली, तर रक्कम दोनदां वळती व्हावयाची. म्हणून प्रत्येक आज्ञेवर तिची स्वतंत्र खूण लागते.

तारमास्तरांना ही सावधगिरी अंगवळणीं पडलेली होती. तारेच्या आरंभीं ते शब्दसंख्या कळवीत, घेणारा शब्द मोजून पाही. आणि मजकुरांत आंकडे असले, तर ते शेवटीं पुन्हां एकदां वाजवीत.