काटव्याची छावणी

कोराडीच्या जगदंबेचे घट उठले आणि दिवाळी आली. नागपुराहून छिंदवाड्याच्या सडकेने उत्तरेला निघाले की विजेच्या कारखान्याची धुराडी आधी दिसतात, देवीचे देऊळ मागाहून. नवरात्रात तेथे अखंड ज्योती तेवतात आणि सारे नागपूर दर्शनाला लोटते. पण नागपूरकरांच्या फौजेचे एक नवरात्र घरापासून सहाशे मैलांहून दूर, परक्या नदीच्या काठी, राहुट्यांत बसले होते. ते साल १७४२.

रघूजी भोसल्यांचे कारभारी भास्कर राम कोल्हटकर, म्हणजेच भास्करपंत, बंगालच्या चौथाईसाठी निघाले होते. रतनपूर, तेथून डोंगराळ रानातून पाचेट आणि मग बरद्वान असा तो मार्ग. अशा लांबच्या वाटेवर मुक्काम सरदाराच्या मर्जीने पडत नसे, पाण्याच्या सोयीने पडे. हजारो घोड्यांना दोन वेळा पाणी आणि वैरण हवी. म्हणून एका नदीवरून दुसऱ्या नदीवर असेच लष्कर सरके. दाणागोटा वंजाऱ्यांच्या बैलांवरून येई. दसऱ्याला सीमोल्लंघन करायचे आणि मृगाच्या आत घरी परतायचे, हा मराठी फौजांचा जुना शिरस्ता होता.

तो शिरस्ता या वर्षी मोडला. एप्रिलात बरद्वानजवळ नबाब अलिवर्दीखान वेढ्यात सापडला आणि उपाशी फौज घेऊन कसाबसा काटव्याला पोचला. मे महिन्यात मराठी स्वारांनी थेट मुर्शिदाबाद गाठून जगत शेठची कोठी लुटली. भास्करपंतांच्या मनात आता परतायचे होते. पण अलिवर्दीवर दात धरून असलेला मीर हबीब नावाचा इराणी मुत्सद्दी त्यांना मिळाला होता. एवढा मुलूख हाती आलेला सोडून जाता कुठे, असा त्याचा आग्रह. पंतांनी ऐकले, आणि पावसाळ्याची छावणी काटव्याला पडली.

जागा नामी होती यात शंका नाही. अजय नदी येथे भागीरथीला मिळते. दोन बाजूंना दोन भरलेल्या नद्या, म्हणजे आयता खंदकच. आषाढ-श्रावणात पलीकडून नबाबाला येता येईना. राजमहालपासून मेदिनीपूरपर्यंत भागीरथीच्या पश्चिमेचा मुलूख मराठ्यांच्या हाती गेला, हुगळीही पडली.

पण छावणी खाते काय, हा प्रश्न आपल्या बखरी फारसा विचारीत नाहीत. बंगाली कवी गंगारामाने १७५१ च्या सुमारास लिहिलेल्या ‘महाराष्ट्र पुराणा’त त्याचे उत्तर आहे, आणि ते वाचताना मराठी माणसाची मान खाली जाते. जळालेली गावे, लुटलेली घरे, बायकांवरचे अत्याचार, पोथ्या काखेत मारून पळणारे पंडित, तराजू घेऊन निघालेले सोनार, विणकर, शेतकरी, सारे नदी ओलांडून पूर्वेकडे चाललेले. सरकारी घोड्यावर चाकरी करणारा तो आपला बारगीर. बंगालीत त्याचा ‘बर्गी’ झाला, आणि तेथल्या आया मुलांना निजवताना आजही त्याचे भय घालतात. चौथाईचा हक्क वगैरे युक्तिवाद त्या अंगाईपुढे फिका पडतो, असे मला वाटते.

आश्विन आला तसे पंतांनी काटव्याजवळच्या दाईंहाटला दुर्गापूजा मांडली. आसपासच्या जमीनदारांना बोलावून सामग्री आणवली. देवी दोघांचीही होती. तिच्या उत्सवाचा खर्च मात्र लुटलेल्यांच्या माथी पडला! मूर्ती घडली, पूजा सुरू झाली, छावणी निर्धास्त झाली.

इकडे पाऊस ओसरत होता. रस्ते वाळून मराठी घोडी मोकळी सुटण्याच्या आत घाव घालायचा, हे अलिवर्दीने ओळखले. आधी भागीरथी, मग रात्रीच्या काळोखात नावांच्या पुलावरून अजय. पूल मध्येच फुटून त्याची कित्येक माणसे बुडाली. तरी उरलेली पार झाली. २७ सप्टेंबर १७४२ ला, जुन्या इंग्रजी पंचांगाप्रमाणे, पहाटेच हल्ला झाला. पूजा पुरी व्हायची होती. माणसे फारशी पडली नाहीत, कारण लढाई झालीच नाही. राहुट्या, सामान आणि देवी तेथेच टाकून फौज निघाली. वर्ष संपता संपता ती चिल्का सरोवरापलीकडे हाकलली गेली.

कलकत्त्याच्या इंग्रजांनी मात्र धसका घेतला आणि १७४३ मध्ये शहराभोवती ‘मराठा खंदक’ खणायला घेतला. तो कधीच पुरा झाला नाही. नऊ वर्षे स्वाऱ्या चालून १७५१ च्या तहात भोसल्यांना ओरिसा आणि सालीना बारा लाखांची चौथाई मिळाली.

ते पाहायला भास्करपंत नव्हते. १७४४ च्या मार्चअखेर ते पुन्हा बंगालात असता अलिवर्दीने तहाच्या बोलण्यासाठी त्यांना मानकऱ्याच्या मैदानावर बोलावले आणि तंबूतच त्यांचा व त्यांच्याबरोबरच्या एकवीस सरदारांचा खून करविला. रघूजी गायकवाड तेवढे छावणी राखायला मागे राहिले होते. उरलेले लष्कर घेऊन नागपूरची वाट त्यांनीच धरली.