पिळलेलं रबर

जितका ताण, तितकं लांबणं. हूकचा हा १६७८ सालचा नियम शाळेत घोकून घेतात, पण तो थोड्या ताणापुरताच, हे सांगायचं बहुधा राहून जातं. रबर तर कित्येक पट ताणलं जातं! तिथे सरळ प्रमाण कोलमडतं.

१९४४ मध्ये रोनाल्ड रिव्हलिन हा तरुण इंग्लंडमधल्या रबर उत्पादकांच्या संशोधन संस्थेत आला आणि या गणितामागे लागला. १९४८ च्या सुमारास त्याने दाखवलं, की रबराचा दंडगोल पिळताना दोन्ही टोकं दाबून धरावी लागतात, नाहीतर तो लांब होतो. नुसतं पिळल्यावर लांबणं... गंमतच की नाही? पॉइंटिंगने १९०९ सालीच पोलादी तारेत हे मोजलं होतं, पण तिथली वाढ अगदी सूक्ष्म. रबरात ती दुर्लक्षून चालत नाही.

मला मोठं वाटतं ते हे, की रिव्हलिनने कुठल्या एकाच रबराचं सूत्र गृहीत धरलं नव्हतं. आकारमान न बदलणाऱ्या, सगळ्या दिशांनी सारख्या अशा कुठल्याही लवचीक पदार्थासाठी त्याने पिळाचं गणित मांडलं.